चाळीस बोटं

१

गोबरगॅसची लोखंडी टाकी स्फोटानं वीस पावलांवर केळीत जाऊन उपडी पडली होती. शाळेची स्वयंपाकीण न्देशीआजी मात्र खड्ड्याच्या काठाशीच होती, मुख्य नळाच्या पायथ्याशी. टाकी उडताना तिच्या अंगावरून गेली असावी. कुणीतरी तिच्यावर आपला कांगा, बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड, पांघरला होता. पिवळा, काठाला काजूच्या नक्षीचा. तो तिच्या पायांना पुरत नव्हता.

पोलीस सार्जंट अनाइची स्वाई खालच्या मोशी शहरातून डोंगरावर पोचली तेव्हा शुक्रवारचे बारा वाजले होते. बाळंतपणाची रजा सोमवारीच संपली होती. तिचा मुलगा मोशीत बहिणीकडे होता आणि त्याच्या दुधाची वेळ केव्हाच टळून गेली होती. गणवेशाच्या आत कपडा ओला झाला होता. तिनं जाकिटाची बटणं वरपर्यंत लावली आणि खाली बसून आजीचे पाय झाकले.

"शिकामू, आजी," ती हलकेच म्हणाली. मोठ्यांना करायचा तो नमस्कार. उत्तर येणार नव्हतं.

"यात शोधायचं काही नाही, सार्जंटबाई," मागून आवाज आला. कितारूच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका उरियोबाई. पांढरा सदरा, चेहरा रडून सुजलेला. "माझे हात ओले आहेत," म्हणत त्यांनी मनगट पुढं केलं. हात ओले किंवा खरकटे असले की डोंगरावर सगळेच असं करतात. अनाइचीनं मनगट धरून नमस्कार केला.

"आजींच्या हाताखालची मांका काल शेवटी स्वयंपाकघरातून गेली," उरियोबाई म्हणाल्या. "चुलीचा नळ उघडा राहिला. रात्रभर खोलीत गॅस भरला. पहाटे आजी आल्या, काडी ओढली असेल, वास आला म्हणून नळ बंद करायला इकडं धावल्या असतील. तेवढ्यात झालं. पोरगी वाईट नाही हो. पण तान्हं मूल आहे, झोप नसते, लक्ष राहत नाही."

"कुठं आहे ती?"

"धान्याच्या कोठीत. गावाच्या मुखियानं बाहेरून कडी घातली आहे. चार वाजता तुमची गाडी तिला न्यायला येणार."

"आणि मूल?"

"कोठडीत मूल कुठं ठेवणार? सासूकडे राहील." उरियोबाईंनी मान वळवली. "चार महिन्यांचं आहे."

कोठीच्या दाराआडून तेवढ्यात ते मूल रडायला लागलं. अनाइचीच्या छातीत कळ आली. तिच्याकडं चार तास होते.

२

ती आधी स्वयंपाकघरात गेली.

मोठा हंडा कोपऱ्यात पालथा होता, कोरडा. गॅसच्या चुलीवर छोटं पातेलं होतं. पाण्यात सोललेली तीन हिरवी केळी आणि मटणाचे दोन तुकडे. पाणी गारच. खाली जळकी काडी. ओट्यावर केळीच्या पानाचा तळव्याएवढा तुकडा, त्यावर मिठाची ढिगली, निमुळत्या टोकाची, जशी चिमटीतून सोडली तशी. खिडकीची काच शाबूत होती.

अनाइची त्या ढिगलीकडं बराच वेळ बघत राहिली. मग बाहेर येऊन टाकीच्या खड्ड्यापाशी उभी राहिली.

अशा टाक्यांवरच तिचं बालपण गेलं होतं. तिचे वडील त्या जोडायचे. विटांच्या खड्ड्यात शेणाचा काला, त्यावर तळ नसलेली लोखंडी टाकी उपडी तरंगणारी. शेणातून गॅस सुटतो आणि टाकीला वर ढकलतो. गॅस जितका जास्त, टाकी तितकी वर. जाळला की खाली. गॅस किती आहे हे कुणाला विचारावं लागत नाही, टाकीच उभी राहून सांगते. कितारूच्या टाकीशेजारी खांब होता, त्यावर बोटाबोटाच्या खुणा रंगवलेल्या, शून्य ते पन्नास. खांब अजून सरळ उभा होता.

आणि खांबावर न्देशीआजीच्या रेघा होत्या. संध्याकाळी सहाला कोळशाची काळी, पहाटे खडूची पांढरी. रविवारी ओल्या फडक्यानं सगळ्या पुसायच्या आणि सोमवारी नव्यानं सुरू. आजीला अक्षर येत नव्हतं, पण रेघ चुकत नव्हती.

सोमवारची काळी वीसवर. मंगळवारची पांढरी चोवीसवर, काळी चौदावर. बुधवारी पांढरी अठरा, काळी आठ. गुरुवारी पांढरी अकरा. कालची काळी चारवर. टाकी रात्री तीन-चार बोटं चढत होती आणि दिवसा दहापर्यंत उतरत होती. काल रात्री ती रिकामीच होती म्हणायची.

मग तिला आज पहाटेची पांढरी रेघ दिसली. डोक्याच्या वर, ठळक, आणि तिच्याशेजारी आजीनं एक छोटं फूल काढलं होतं.

ती रेघ चाळीसवर होती.

३

कोठीत मक्याच्या पोत्यांना टेकून मांका बसली होती. वय एकवीस असेल. मूल छातीशी, पण ते पीत नव्हतं, तोंड बाजूला करून हुंदके देत होतं.

"दूध येईना," मांका म्हणाली. "सकाळपासून. आटल्यासारखं झालंय."

"भीतीनं होतं तसं. येईल परत. नाव काय हिचं?"

"लोईस."

अनाइची शेजारी पोत्यावर टेकली. "काल शेवटी कोण होतं स्वयंपाकघरात?"

"मीच. सातला निघाले. नळ बंद होता, अफांदे," ती म्हणाली. पोलिसांना डोंगरावर असंच म्हणतात. "बंद काय, दिवसभर उघडलाच नव्हता. दुपारीच चूल फुसफुसून विझली. रात्रीचं मुलींचं जेवण आम्ही लाकडावर केलं. गॅस होताच कुठं?"

"हे कुणाला सांगितलंस?"

"मुखियाला. तो म्हणाला, गॅस नव्हता तर टाकी उडाली कशानं, उकडलेल्या बटाट्यानं?" तिनं नाक पुसलं. "आजी असती तर तिनं त्याला पळीनं हाणला असता."

"आजी कशी होती?"

"तोंडानं फटकळ. मिठाची तेवढी धड नव्हती. दोनशे मुलींच्या घेवड्यात मीठ विसरायची आणि मुलींनाच म्हणायची, तुमच्या जिभा शहरात राहिल्या का गं." मांका हसता हसता थांबली. "मला मात्र पहाटे उशिरा ये म्हणायची. पोरीला पाजून ये. लाकडं मी आणते. सत्तर वर्षांची बाई, अफांदे."

"कधी कुणाचं ऐकायची नाही का?"

"छे. बाईंचा शब्द म्हणजे तिला देवाचा शब्द. बाईंनी काल दुपारी येऊन सांगितलं, उद्यापासून गॅसला हात लावायचा नाही, शनिवारी पाहुणे येऊन टाकी बघेपर्यंत सगळं लाकडावर. आजी हो म्हणाली. म्हणून तर मला कळत नाही, तिनं चूल पेटवायला घेतली कशाला?"

अनाइची उठली. दारात पोचल्यावर थांबली.

"काल दुपारी? चूल विझल्यावर?"

"विझल्यावर लगेच. का हो?"

अनाइची तोवर निघाली होती. बाहेर एकाला तिनं विचारलं, गोठा कुठं आहे.

४

चार गाई होत्या आणि एलियाकिमू होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, पोलीस बघताच फावडं शोधायला लागलेला.

"टाकीत रोज किती शेण घालतोस?"

"चारी गाईंचं. सगळं."

"चार गाईंच्या सगळ्या शेणानं टाकी एका रात्रीत दहा बोटं चढते. तुझी चारच चढत होती. बाकीचं शेण कुठं जातं, एलियाकिमू? येताना मी एक कॉफीची बाग पाहिली. आजूबाजूची पिवळी आणि ती एकटी हिरवीगार."

तो फावड्याच्या दांड्याला टेकला. "निम्मं," तो शेवटी म्हणाला. "तीन आठवडे. रोपं मरत होती. आजीला माहीत होतं. म्हणाली, पाहुणे येण्याआधी परत घालायला लाग, नाहीतर तुलाच पुरते त्या खड्ड्यात." त्याचा आवाज चिरकला. "पण मी तिला मारलं नाही. शेण कमी घातल्यानं कुणी मरतं का?"

"मग टाकी एका रात्रीत छत्तीस बोटं चढली कशी?"

"उन्हानं वर येते की ती."

"उन्हानं येते. थंड टाकी भर दुपारी तापली तर चाळिसाची बेचाळीस होईल, त्यावर नाही. आणि रेघ पहाटेची आहे, सगळ्यात गार वेळेची. हात दाखव."

त्यानं दाखवले. शेणानं भेगाळलेले, जुन्या घट्ट्यांचे हात. नवीन काही नव्हतं.

"काल रात्रीच्या प्रार्थनेला कुठं होतास?"

"देवळात. ढोल मीच वाजवतो. आठपर्यंत बडवत होतो, सगळ्या शाळेला विचारा. बाई तेवढ्या नव्हत्या, त्यांचं डोकं दुखत होतं. ढोलानंच दुखलं असेल."

अनाइची खड्ड्याकडं परतली आणि टाकीपासून चुलीकडं जाणाऱ्या नळीच्या कडेनं गुडघ्यांवर सरकत गेली. मधोमध, नळीत साचलेलं पाणी काढायची छोटी तोटी होती. तोटीच्या तोंडाभोवती केळीच्या सोपटाची वळी गुंडाळली होती आणि तिच्यावर लाल मातीचा लेप. माती आता वाळून तडकली होती, पण आत गोल खाच राहिली होती. अंगठ्याएवढं जाड काहीतरी तिथं घट्ट बसवून मग ओढून काढलं होतं.

अशी लाल माती लोहार वापरतात.

५

शाळेखालच्या वाटेवर मकुंदी आजोबांची भट्टी होती. टाकीची डागडुजीही तेच करायचे. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत.

"दोन आठवडे झाले भाजून," ते म्हणाले. "बायको म्हणते, आता तरी घरात बस. मी म्हटलं, घरात तू आहेस, भट्टी बरी."

"आजोबा, तुमचा भाता बघू."

भिंतीवर तो टांगलेला होता. बकऱ्याच्या कातड्याच्या दोन पिशव्या, प्रत्येकीला अंगठा अडकवायचा पट्टा, पुढं मातीची नळी. एक हात वर, एक खाली, अशी सतत हवा जात राहते. एका हातानं तो चालवताच येत नाही.

आजोबांचा चेहरा मात्र उतरला होता. "आज सकाळपासून मनात खटकतंय ते सांगू? आमच्या कुळात भाता टांगतात तो नळी जमिनीकडं करून. नळी आभाळाकडं झाली तर घरात मरण येतं म्हणतात. मी पन्नास वर्षं तसाच टांगतो. आज सकाळी येऊन बघतो तर नळी वर. कुणीतरी नेला आणि परत आणला. आमच्यातल्या कुणी नाही."

"टाकीत कुणी हवा भरली तर काय होईल?"

लोहार तिच्याकडं बघतच राहिला. "स्वाईची मुलगी ना तू? तुला मी सांगायचं? जो टाकीवर एक दिवस तरी राबलाय, तो असं मेला तरी करणार नाही."

"हो," अनाइची म्हणाली. "म्हणूनच तो टाकीवर राबलेला माणूस नाही."

वरच्या रस्त्यावर गाडीचं इंजिन ऐकू आलं. साडेतीनच वाजले होते. गाडी लवकर आली होती.

६

उरियोबाई आपल्या खोलीत लिहीत होत्या. तिला बघून त्यांनी पेन ठेवलं आणि पुन्हा मनगट पुढं केलं.

अनाइचीनं ते धरलं नाही. "आता हात ओले नाहीत, बाई."

वसतिगृहात मुली आजीसाठी गात होत्या, तो सूर खिडकीतून येत होता.

"ओट्यावर मिठाची ढिगली आहे," अनाइची म्हणाली. "खोलीत गॅस भरून भडका उडाला असता तर पहिलं ते मीठ उडालं असतं, मग काच. दोन्ही जागेवर आहेत. स्फोट खोलीत झालाच नाही, टाकीच्या पोटात झाला. नळ रात्रभर उघडा असता तर टाकी तळाला गेली असती. ती चाळीसवर होती. मांकानं काही उघडं ठेवलं नव्हतं."

"मग गॅसच जास्त झाला असेल."

"चार बोटं होता. रात्रीत तीन-चार बोटं चढला असेल. सात धरा. वरची तेहतीस बोटं कसली?" ती समोरच्या खुर्चीत बसली. दिवसभरात पहिल्यांदाच. "माझे वडील बकऱ्याचा फुकणा फुगवून द्यायचे. एकदा तोंडानं फुंकलेला, एकदा टाकीतल्या गॅसनं. दोन्ही सारखेच मोठे. म्हणायचे, ओळख कुठला कशाचा. मला कधी ओळखता आलं नाही. आत किती भरलंय एवढंच फुगा सांगतो, काय भरलंय ते सांगत नाही. टाकीचंही तेच. तेहतीस बोटं हवा भरा, ती तेहतीस बोटंच उठते. बघणाऱ्याला वाटतं, गॅस आला."

उरियोबाईंनी समोरचा कागद पालथा घातला.

"नुसता गॅस टाकीच्या आत पेटत नाही, त्याला हवा लागते. पण एक भाग गॅस आणि पाच भाग हवा झाली की तो दारूगोळा. आजीनं काडी लावली, जाळ चुलीवर न राहता नळीत शिरला. चूल विझली असं वाटून ती मुख्य नळ बघायला बाहेर गेली. जाळ तिच्या आधी पोचला." अनाइची थोडं थांबली. "मकुंदी आजोबांना हे ठाऊक आहे, आणि त्यांचा एक हात पट्टीत आहे. एलियाकिमू ढोल वाजवत होता, आणि त्याच्या हातांवर नवा फोड नाही. पण या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट आहे. काल दुपारी चूल विझल्यावर तुम्ही जाऊन सांगितलंत, उद्यापासून गॅसला हात लावू नका. टाकीत गॅस नव्हता, बाई. नसलेल्या गॅसला हात लावू नका असं कोण सांगेल? उद्या टाकी वर असणार हे ज्याला आधीच माहीत आहे, तोच. हात दाखवा."

उरियोबाईंनी हात टेबलावर ठेवले आणि सावकाश उलटे केले. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी फोड होते, एक फुटलेला. जन्मात भाता न धरलेल्या हातांचे.

"हवाच तर होती," त्या म्हणाल्या. "आपण सगळे श्वासात घेतो ती. मी शिवणकाम शिकवते, अफांदे. मला वाटलं, टाकी वर दिसेल, पाहुणे बघतील, देणगी देऊन जातील. मागच्या वर्षी ते पलीकडच्या शाळेत गेले आणि तिथं नवं वसतिगृह झालं. माझ्या मुली एका खाटेवर दोघी झोपतात, हिवाळ्यात तिघी. मी चूल पेटवू नका म्हणून सांगितलं होतं. आजींनी हो म्हटलं होतं."

"ते मी मानते. पण सकाळपासून मांका कोठीत आहे."

"गाडी यायच्या आधी मी बोलणार होते."

"गाडी फाटकात उभी आहे, बाई. दिवसभर वेळ होता. तान्ही पोर रडत होती, ते इथपर्यंत ऐकू येतं."

उरियोबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग ते टोपण काढलं, आणि पुन्हा लावलं.

७

कोठीची कडी मुखियानंच काढली आणि तो वाट सोडून उभा राहिला. मांका दारात आली. गाडीत मागच्या बाकावर उरियोबाईंना बसलेलं तिनं पाहिलं आणि तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही.

दोघी कोठीच्या पायरीवर बसल्या. लोईस दमून झोपली होती.

"आजीनं शब्द का मोडला?" मांका म्हणाली. "तेवढंच सांगा. ती कधी मोडत नव्हती."

पातेलं अनाइचीच्या पिशवीत होतं, कागदात गुंडाळलेलं. कोर्टात ते टेबलावर मांडलं जाणार होतं आणि कुणीतरी वकील ते उचलून दाखवणार होता. तेव्हा कळण्यापेक्षा आत्ता बरं.

"चुलीवर मोठा हंडा नव्हता," ती म्हणाली. "छोटं पातेलं होतं. तीन केळी आणि मटणाचे दोन तुकडे."

डोंगरावरच्या कुठल्याही बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. केळी-मटणाची म्तोरी बाळंतिणीसाठी करतात, दूध यावं म्हणून. टाकी चाळीसवर बघून म्हातारी हरखली असेल. एवढ्या गॅसातला वाटीभर घेतला तर बाईंना काय कळणार आहे, असं म्हणाली असेल.

मांकानं समोर पाहिलं. केळीत पडलेली टाकी तिथून दिसत होती.

"मीठ घातलं होतं?" तिनं विचारलं.

"काढून ठेवलं होतं. पानावर, शेजारी."

"म्हणजे या वेळी विसरली नव्हती," मांका म्हणाली, आणि वाकली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं लोईस जागी झाली. रडली नाही. चाचपडत आईच्या छातीशी गेली आणि या वेळी तिथंच राहिली.

अनाइचीनं जाकीट आणखी घट्ट ओढलं. गाडीचा भोंगा वाजला. मोशी दीड तासावर होतं. निघण्याआधी ती खांबापाशी गेली आणि मुखियाला म्हणाली, "रविवारी या रेघा कुणी पुसायच्या नाहीत."

"कोर्टासाठी?"

"कोर्टासाठीही," ती म्हणाली. चाळीसच्या रेघेशेजारच्या फुलाला पाच पाकळ्या होत्या आणि शेवटची घाईत काढल्यासारखी वाकडी गेली होती.